फुग्याचा गोबरगॅस आणि तीन बादल्या बोंडं

कंपनीचं नाव लिहीत नाही. माल वाईट नाही, फोन मात्र कोणी उचलत नाही. दोन घनमीटरचा रेडिमेड फुगा (म्हणजे शेण कुजवून गॅस करणारी मोठी बंद पिशवी), एक शेगडी आणि पाइप मिळून आम्हाला 32,000 रुपये पडले. कुडाळ तालुक्यात घरामागे माडांखाली बसवलाय, येत्या शिमग्याला तीन वर्षं होतील.

सासऱ्यांच्या वेळी आमच्याकडे लोखंडी टाकीचा गोबरगॅस होता. इथल्या पावसात टाकी गंजून तिची चाळण झाली. फुग्याला गंज नाही, गवंडी शोधावा लागत नाही, एका दिवसात बसतो. शेण आणि पाणी निम्मं-निम्मं कालवून भरलं की मग वाट बघायची. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा. तीन आठवडे आई रोज विचारायच्या, "इलो काय गो गॅस?"

दावणीला एक म्हैस आणि दोन गावठी गाई. शेण रोज दोन घमेली, म्हणजे तीसेक किलो. माझा आंबापोळी-फणसपोळीचा छोटा धंदा आहे, त्यामुळे उन्हाळाभर साली नि चोथ्याचा ढीग. विकायला आलेला मुलगा म्हणाला होता, "काकी, काहीही टाका, सगळ्याचा गॅस होतो." या वाक्यावर भुलून फुगा घेतला आणि याच वाक्यापायी पहिला हंगाम वाया गेला.

एप्रिलात काजूच्या बोंडांचा नुसता सडा पडलेला. तीन बादल्या बोंडं ठेचून एकदम ओतली. दोन दिवस फुगा टम्म, मी खूश. तिसऱ्या दिवशी शेगडी पेटेना. काडी लावली की फुर्र होऊन विझायची. बाहेर येणाऱ्या मळीला हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, भट्टीजवळ येतो तसला आंबूस वास. आई नाक धरून म्हणाल्या, "तुझ्या फुग्याचा पोट बिघाडला गो."

अगदी तेच झालं होतं. गोड फळाचं आम्ल झटपट होतं, आणि त्या आम्लाचा मिथेन करणारे जिवाणू सावकाशीचे. आम्ल साचलं की तेच गारद होतात. मग फुगा फुगलेला दिसतो, पण आत बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो कसला पेटतोय! कंपनीला चार फोन केले. "माणूस पाठवतो" एवढंच उत्तर, माणूस आजतागायत आलेला नाही. शेवटी गावात आलेल्या कृषी सहाय्यकांना विचारलं. फळ पूर्ण बंद, थोडं थोडं ताजं शेण आणि चुन्याची निवळी. अठराव्या दिवशी निळी ज्योत दिसली.

आता माप ठरलंय. दोन घमेली शेणाला एक लहान बादली साली, त्याही बारीक करून. फळात पाणी असतंच, म्हणून कालवताना पाणी बेताचं. बाठे अजिबात नाहीत, ते कुजत नाहीत आणि पाइपात अडकतात. लिंबाच्या सालीही नकोत, त्यांतलं तेल जिवाणूंना बाधतं.

एवढ्या मापात सकाळी दीड तास आणि संध्याकाळी तासभर एक शेगडी चालते. भात, आमटी, चहा आरामात. दोन घनमीटरचा पुरता गॅस हवा तर शेण पन्नास किलो लागतं, हे तो मुलगा बोलला नव्हता. तरी महिन्याला लागणारा सिलिंडर आता तीन महिने पुरतो. पोळीसाठी रस आटवायला मात्र ही आच कमी पडते, मोठा टोप चुलीवरच. दाब वाढवायला फुग्यावर वाळूच्या पिशव्या ठेवते. ज्योत फडफडली की पाइपात पाणी साचलंय समजायचं आणि तोटी उघडून ते काढायचं. पावसाळ्यात गॅस निम्म्यावर येतो.

मळी सुपारीला घालते. ताज्या शेणावर असतात तेवढ्या माशा तिच्यावर नसतात, याचंच आईंना जास्त कौतुक.

जागेची चूक आमची. गेल्या श्रावणात माडाचं सुकलेलं चुडत, म्हणजे झावळी, जाड देठासकट फुग्यावर पडलं आणि फुगा वीतभर फाटला. कंपनी म्हणाली, "गणपतीनंतर बघू." ठिगळाचं सामान कुरिअरने आलं ते दिवाळीत. तोवर ताडपत्रीवाल्याने दीडशे रुपयांत लावलेलं ठिगळ अजून टिकून आहे.

फुग्याला पाचपैकी चार स्टार, कंपनीला एक.