तीन अक्षांचा अल्ट्रासॉनिक वारामापक: नागपूरच्या गच्चीवर एक हंगाम

फेब्रुवारीच्या अवकाळीपासून सप्टेंबरच्या शेवटच्या गडगडाटापर्यंत हे यंत्र त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गच्चीवर उभं आहे. घेतलं ते एकाच कामासाठी: गडगडाटी ढगाखाली हवा किती जोरात वर चढते ते मोजायला. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा झोडपणारी अडीच सेंटीमीटरची गार साधारण २० मीटर प्रति सेकंद वेगाने पडते. तिला ढगात तोलून धरणारा झोतही तितक्याच ताकदीचा लागतो. हा झोत खाली, आपल्या डोक्यावर, सुरू कसा होतो हे मला बघायचं होतं.

यंत्रात फिरणारा एकही भाग नाही. समोरासमोर बसवलेल्या सेन्सरांच्या तीन जोड्या एकमेकींकडे ध्वनी पाठवतात. वाऱ्यासोबत तो लवकर पोहोचतो, वाऱ्याविरुद्ध उशिरा, आणि त्या फरकातून तिन्ही दिशांचा वेग निघतो. सेकंदाला २० नोंदी धरल्या तर दिवसाला १७ लाखांवर ओळी होतात. एक्सेल तिथेच हात टेकतं. पायथनमध्ये मिनिटाची सरासरी काढूनच पुढे जावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. उभ्या वेगाचा रकाना बघून हरखून जाऊ नका. यंत्र एका अंशाने जरी कललं असेल, तर १० मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा ०.१७ मीटर प्रति सेकंदाचा खोटा उभा वारा दाखवतो. त्यात गच्चीचा कठडा. भिंतीवर आदळलेली हवा कठड्यावरून उसळी मारून वर येते आणि आकडा फुगतो. उपाय दोन: खांब उंच घ्या, आणि काही आठवड्यांच्या नोंदींमधून वाऱ्याच्या प्रत्येक दिशेची उभ्या वेगाची सरासरी काढून ती वजा करा. हे केल्यावर एप्रिलच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट आलेखात सुरेख दिसतात: काही मिनिटं वर, मग खाली, पुन्हा वर. त्या कामात यंत्र खरोखर उत्तम आहे.

पण ढगाचा झोत वेगळा. जमिनीला टेकलेली हवा जमिनीतून वर येऊ शकत नाही. ती चारी बाजूंनी आत ओढली जाते आणि जसजशी वर जाते तसतसा तिचा वेग वाढतो. म्हणून गच्चीच्या उंचीवर खरी खूण आडव्या वाऱ्यात सापडते. १० किलोमीटर अंतरात समोरासमोरून येणाऱ्या वाऱ्यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडत असेल आणि हा प्रकार खालच्या एक किलोमीटर थरात चालू असेल, तर त्या थराच्या माथ्यावर हवा साधारण १ मीटर प्रति सेकंदाने वर जाते. एवढ्या मोठ्या ढगाखाली एवढाच आकडा! पुढचा जोर ढगात बाष्पाचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेतून येतो.

हा हिशेब एका गच्चीवरून होत नाही. हिंगणा, कामठी आणि बुटीबोरीच्या मित्रांकडे साधे वाटीचे वारामापक होते. मोबाइलच्या वेळेशी घड्याळं जुळवली आणि शहराभोवती त्रिकोण तयार झाला. या त्रिकोणाने मला महागड्या यंत्राच्या तिसऱ्या अक्षापेक्षा कितीतरी जास्त शिकवलं.

मे आणि जूनमधला फरक त्यातूनच उलगडला. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) यांतल्या दर अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर सरकतो. नवतप्यात ४४ अंश तापमान आणि १२ दवबिंदू असला, की तळ ४ किलोमीटरवर. तिथला झोत आमच्या गच्चीला जाणवतच नाही. पाऊस वाटेतच कोरड्या हवेत आटतो, हवा थंड होऊन जड होते आणि खाली कोसळते. मे महिन्याच्या माझ्या आलेखांत बहुतेक तेच आहे: वारा अचानक फिरतो, तापमान धाडकन उतरतं, दाब चढतो. मृगानंतर ३४ आणि २४ ची जोडी येते, तळ १,२५० मीटरवर उतरतो आणि पहिल्यांदाच वादळाआधीचा आत खेचणारा वारा स्पष्ट दिसतो. तो ढगाकडे वळतो, स्थिरावतो, दाब किंचित उतरतो. मग थंड झोत येऊन सगळं उलटवतो. मला वर्षभरातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा मधला वेळ.

सोनेगावहून सोडल्या जाणाऱ्या हवामान फुग्याची पहाटे साडेपाचची नोंद सोबत बघत चला. त्या दिवशी वर किती ऊर्जा साठली आहे ते तिथे आधी कळतं.

तक्रारीही आहेत. मुसळधार पावसात सेन्सरवर थेंब बसले की आकडे वेडेवाकडे उडतात, म्हणजे ऐन वेळी नोंद तुटते. कोळी जाळी विणतात, कबुतरं बसतात. उन्हाळ्यात नोंदयंत्राच्या पेटीला सावली द्यावीच लागते. आणि विजेचं सांगायलाच हवं: गच्चीवरचा धातूचा खांब ही गंमत नाही. अर्थिंग आणि केबलवर सर्ज प्रोटेक्टर आधी, यंत्र नंतर. दामिनी अॅपवर इशारा आला किंवा गडगडाट ऐकू आला, की गच्चीचं दार बंद. केबल सुटली तरी वर जायचं नाही.

ढगाखालचा झोतच मोजायचा असेल तर तीन अक्षांचं एक यंत्र घेण्यापेक्षा आडवा वारा मोजणारी तीन साधी यंत्रं घ्या, प्रत्येकासोबत चांगला दाबमापक जोडा आणि ती दहा-पंधरा किलोमीटर अंतरावर तीन घरांवर लावा. पुढच्या मेआधी आमच्या त्रिकोणात उमरेड रोडची गच्ची येतेय. कळमेश्वरकडे कुणाची असेल तर दाबमापक मी देतो.