इतिहासाची कोणती शाखा, कोणता प्रदेश? साधनांवरून केलेली तुलना

इतिहासात पुढे काम करायचं ठरलं की बहुतेक जण आधी काळ निवडतात: प्राचीन, मध्ययुगीन की आधुनिक. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. कोणत्या प्रकारची साधनं आपण वर्षानुवर्षं न कंटाळता हाताळू शकू आणि त्यासाठी कोणत्या भाषा-लिप्या शिकायची तयारी आहे, हे आधी पाहावं.

राजकीय इतिहास आणि सामाजिक इतिहास शेजारी ठेवले की हा फरक लगेच दिसतो. राजकीय इतिहासाची आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड फॉन रांके यांनी बसवली. व्हेनिसच्या राजदूतांनी आपल्या सरकारला पाठवलेले अहवाल त्यांनी बारकाईनं वाचले आणि दफ्तरात, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या अभिलेखागारात, बसल्याशिवाय इतिहास लिहायचा नाही हा दंडक घातला. या शाखेत कागद बहुधा लावलेले, तारखांचे, सूचीत नोंदलेले मिळतात. अडचण अशी की ते सत्तेतल्या माणसांनी लिहिलेले असतात आणि त्यांवर आधीच पुष्कळांनी काम केलेलं असतं.

सामाजिक इतिहासात उलट परिस्थिती. ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नसतं. ते सापडतात दुसऱ्यांच्या कागदांत: खटल्यांत, करवसुलीच्या वह्यांत, चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींत. कार्लो गिंझबुर्ग यांनी सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या मेनोक्किओ या गिरणीवाल्याचं विश्व धर्मन्यायालयाच्या कागदांतून उभं केलं. दुधाचं चीज व्हावं आणि त्यात अळ्या दिसाव्यात, तसं जग आणि देवदूत निर्माण झाले, असं तो न्यायाधीशांना सांगत होता आणि कारकून ते टिपून घेत होता. ज्या यंत्रणेनं त्याला ठार केलं, तिच्यामुळेच त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचला. ही गोष्ट मनाला लागते, आणि सामाजिक इतिहासाची सगळी अवघड बाजूही तीच आहे. रणजित गुहा यांनी वसाहतकाळातल्या शेतकरी उठावांवर लिहिताना हाच मार्ग धरला. सरकारी अहवालात ‘दंगल’ म्हटलेलं असेल, तिथे शेतकऱ्याचा हेतू शोधायचा. त्यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या सबाल्टर्न, म्हणजे सत्तेबाहेरच्या दबलेल्या लोकांच्या, अभ्यासाचा पहिला खंड 1982 मध्ये आला. ओळींच्या मागचं वाचायची ओढ असेल तर ही शाखा घ्या. ठाम निष्कर्ष लवकर हवे असतील तर घेऊ नका.

आकड्यांची भीती नसेल तर आर्थिक इतिहास. रॉबर्ट फोगेल यांनी हिशोब मांडून दाखवलं की एकोणिसाव्या शतकात रेल्वे नसती, तरी अमेरिकेची अर्थव्यवस्था समजलं जात होतं तेवढी मागे राहिली नसती. त्यांना आणि डग्लस नॉर्थ यांना 1993 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इथे संख्याशास्त्र यावंच लागतं. सांस्कृतिक इतिहासात विषयांना मोकळीक मोठी: विधी, चित्रं, वाचनाच्या सवयी, स्त्री-पुरुष असण्याच्या कल्पना. पण पुरावा थोडा आणि अर्थ लावणं फार, हा धोका तिथे कायम असतो. लष्करी, कायद्याच्या आणि विज्ञानाच्या इतिहासाबद्दल एवढंच म्हणेन की मूळ विषयाचं तांत्रिक ज्ञान आधीपासून असलेल्याला तिथे मोठा फायदा मिळतो.

नव्या माणसाला मी आवर्जून सुचवीन तो पर्यावरणाचा इतिहास. एमान्युएल ल रॉय लादुरी यांनी द्राक्षतोडणीच्या तारखांवरून जुन्या हवामानाचा माग काढला. तोडणी लवकर झाली म्हणजे उन्हाळा उबदार गेला. 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि 1816 मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळाच नीट आला नाही. अशा घटनांत झाडांची वलयं, बर्फाचे थर आणि धान्याचे भाव एकत्र वाचावे लागतात. एकट्यानं होणारं हे काम नाही.

आता प्रदेश. युरोपची दफ्तरं व्यवस्थित लावलेली, पुष्कळशी छापलेली. पण गर्दीही तिथेच. ग्रीस-रोमच्या प्राचीन इतिहासात साहित्यिक साधनं मर्यादित आहेत, नवं काही मिळतं ते शिलालेख, पपायरस आणि उत्खननातून. तिथली लिनिअर बी ही प्राचीन ग्रीक भाषेची लिपी 1952 मध्ये उलगडली ती मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदानं. तिच्याआधीची लिनिअर ए लिपी अजून वाचता येत नाही.

चीनच्या बाबतीत प्रश्न विपुलतेचा. राजघराण्यांचे अधिकृत इतिहासच चोवीस आहेत. त्याखेरीज 1900 मध्ये दुनहुआंगच्या गुहेत सापडलेली हजारो हस्तलिखितं आज लंडन, पॅरिस, बीजिंग, सेंट पीटर्सबर्ग अशी विखुरली आहेत. अभिजात चिनी शिकण्यातच काही वर्षं जातात, आणि जपानी अभ्यासकांचं काम वाचल्याशिवाय भागत नाही.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत लिखित कागद अनेक भागांत कमी आहेत, म्हणून इतिहासच कमी, असा समज फार काळ होता. यान व्हान्सिना यांनी काँगोतल्या कुबा राज्याच्या मौखिक परंपरेवर काम करून दाखवलं की सांगोवांगीचीही कागदासारखीच चिकित्सा करता येते: कोण सांगतो, कुणाकडून ऐकलं, कुणाच्या फायद्याचं आहे. शिवाय मालीतल्या तिंबुक्तू शहराची हस्तलिखितं आहेतच. ज्याला माणसांत बसून ऐकायला आवडतं, त्यानं या प्रदेशाचा विचार आधी करावा.

लॅटिन अमेरिकेसाठी सेव्हिलच्या दफ्तरात स्पॅनिश साम्राज्याचे कागद एकत्र मिळतात, पण केवळ तेवढ्यावर थांबलात तर विजेत्यांचाच इतिहास लिहाल. मेक्सिकोसाठी नाहुआत्ल, ही ॲझ्टेकांची भाषा, शिका. ऑटोमन इतिहासासाठी आजची तुर्की पुरत नाही, कारण 1928 पूर्वीचं लेखन अरबी लिपीत आहे. दक्षिण आशियात ताम्रपट, फार्सी, मोडी, इंग्रजी असे साधनांचे थर आहेत आणि एकाच थरावर विसंबलं तर चित्र तिरकं होतं.

जागतिक इतिहास आज फार आकर्षक वाटतो. त्याचा उत्तम नमुना म्हणजे कैरोच्या गेनिझातली, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुने कागद टाकण्याच्या खोलीतली, पत्रं, ज्यांवर एस. डी. गॉइटाइन यांनी आयुष्य घालवलं. बाराव्या शतकात मंगळुरात राहिलेला अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी आपल्याला कळतो तो या कैरोतल्या कागदांमुळे. ती पत्रं मुख्यतः हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबीत आहेत. भाषा न शिकता जागतिक इतिहास लिहिला तर तो इतरांच्या पुस्तकांचा सारांशच उरतो. म्हणून तो दुसरा प्रकल्प म्हणून ठेवा. पहिल्यासाठी एक प्रदेश, त्याची एक लिपी आणि एकच प्रकारचे कागद पुरेसे आहेत.