ॲपचं नाव बदलावं की फक्त कंपनीचं? ट्विटर-एक्स आणि फेसबुक-मेटा शेजारी ठेवून

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनी 'मेटा' झाली. फोनवरचं फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप मात्र तसंच राहिलं. पुन्हा लॉगिन नाही, नवा पत्ता नाही. जुलै २०२३ मध्ये ट्विटरनं उलटं केलं: लोक रोज उघडतात त्या ॲपचंच नाव 'एक्स' झालं. नाव बदलायच्या विचारात असाल तर आधी हे ठरवा की यातलं तुम्हाला नेमकं काय करायचंय. दोन्हींचा खर्च अगदी वेगळा आहे.

कंपनीचं नाव बदलणं हे मुख्यतः कागदांचं काम. भारतात त्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम १३ खाली विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूनं हवीत. मग नावाची मंजुरी आणि नवं प्रमाणपत्र. पुढची दोन वर्षं पाटीवर आणि लेटरहेडवर जुनं नावही दाखवावं लागतं. बँक, जीएसटी आणि एसएमएसची डीएलटी नोंदणी (ग्राहकांना एसएमएस पाठवायला दूरसंचार कंपन्यांकडे करावी लागणारी नोंदणी) अद्ययावत केली की बहुतेक काम संपतं. झोमॅटोनं २०२५ मध्ये हेच केलं: कंपनी 'इटर्नल', ॲप झोमॅटोच.

ॲपचं नाव बदलायचं तर काम कोडमध्ये शिरतं, आणि चटके तिथेच बसतात. ट्विटरचा लोगो एका दिवसात बदलला, पण मुख्य पत्ता एक्स डॉट कॉमवर जायला मे २०२४ उजाडलं. त्याच्या महिनाभर आधी एक गंभीर चूक झाली. आयफोन ॲप पोस्टमधलं 'ट्विटर डॉट कॉम' आपोआप 'एक्स डॉट कॉम' असं दाखवू लागलं, पण आतली लिंक जुनीच राहिली. त्यामुळे 'नेटफ्लि'ला 'ट्विटर डॉट कॉम' चिकटवून घेतलेला पत्ता स्क्रीनवर थेट नेटफ्लिक्सचा दिसायचा! फसवणूक करणाऱ्यांना आयतं दार. शब्द शोधून बदलण्याचा नियम पूर्ण डोमेन (वेबसाइटचा पत्ता) जुळतंय का हे न तपासता चालवला की असंच होतं. दाखवायचा मजकूर हा प्रत्यक्ष लिंकवरूनच तयार व्हायला हवा.

पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं लॉगिन) आणि सिक्युरिटी की (लॉगिनसाठीचं छोटं उपकरण) तर डोमेनला बांधलेल्या असतात, रिडायरेक्टनं, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवल्यानं, त्या हलत नाहीत. म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्येही एक्सला वापरकर्त्यांना त्या पुन्हा नोंदवायला सांगावं लागलं. कुकीजचंही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदी) तेच: डोमेन बदललं की लोक लॉगआउट होतात. अँड्रॉइडवरचं पॅकेज नाव (ॲपची आतली ओळख) बदलता येत नाही. नवं घेतलं तर प्ले स्टोअरच्या दृष्टीनं ते नवंच ॲप, रेटिंग आणि इन्स्टॉल शून्यावर. एक्सचं पॅकेज नाव आजही 'कॉम डॉट ट्विटर डॉट अँड्रॉइड' आहे, आणि ते तसंच ठेवलं हे बरोबरच केलं.

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान शब्दाचं. 'ट्वीट' हे क्रियापद मराठीतही रुळलं होतं. 'ट्वीट करून माहिती दिली' हे वाक्य बातम्यांत रोजचं होतं. त्याच्या जागी आलेला 'पोस्ट' कुणाचाही असू शकतो. एकाक्षरी नाव शोधात सापडायला अवघड, आणि ट्रेडमार्कमध्येही कमकुवत: 'एक्स' अक्षराची चिन्हं मायक्रोसॉफ्ट आणि मेटा या दोघांकडे आधीच नोंदलेली होती.

मग ॲपचं नाव कधी बदलावं? ॲप करतं ते कामच बदललं असेल तेव्हा. ग्रोफर्स डिसेंबर २०२१ मध्ये ब्लिंकिट झालं, कारण नियोजित वेळेचा किराणा सोडून ते झटपट डिलिव्हरीकडे वळलं होतं. किंवा अगदी लवकर, फूडीबे २०१० मध्ये झोमॅटो झालं तसं. एक्सवर मात्र नाव बदललं त्या दिवशी टाइमलाइन आदल्या दिवशीसारखीच होती.

ॲपचंच नाव बदलायचं पक्कं असेल तर क्रम असा ठेवा: सॉफ्टवेअरसाठी ट्रेडमार्कचे वर्ग ९ आणि ४२ (नोंदणीतले सॉफ्टवेअरशी संबंधित गट) तपासा, डोमेन घ्या आणि त्यावर आधी काय चालत होतं तेही पाहा. नव्या डोमेनवर एसपीएफ, डीकिम (ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या नोंदी) लावून पाठवायच्या ईमेलची संख्या हळूहळू वाढवा. ॲप लिंकच्या फाइल (वेबसाइटची लिंक थेट ॲपमध्ये उघडायला लागणाऱ्या) दोन्ही डोमेनवर ठेवा, पासकीची नवी नोंदणी सुरू करा. त्यानंतर कायमचा ३०१ रिडायरेक्ट लावा, आणि लोगो सगळ्यात शेवटी. जुनं डोमेन मात्र सोडू नका. ते दुसऱ्याच्या हाती गेलं तर त्या डोमेनवरच्या तुमच्या जुन्या ईमेल पत्त्यांवर येणारे पासवर्ड रिसेटही त्याच्याकडे जातील.