क्रूझवरून उतरल्यावरचा पहिला दिवस : बार्सिलोना की रोम?

पश्चिम भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ बहुतेक वेळा गोल फिरते. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, रोमचं बंदर, मध्ये एखाद-दुसरं बेट, आणि परत पहिलं बंदर. काही कंपन्या या फेरीत कुठल्याही मोठ्या बंदरावर चढू-उतरू देतात. बुकिंग करताना बंदराचा तो रकाना आपण विमानाचं तिकीट कुठून स्वस्त आहे ते बघून भरतो आणि विसरून जातो. पण दोघांनी जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल आणि क्रूझनंतर एक-दोन दिवस शहर बघायचं असेल, तर त्या रकान्यावर तिकिटापेक्षा जास्त काही अवलंबून असतं.

जहाज सकाळी सहा-सातला धक्क्याला लागतं. आठच्या सुमारास केबिन सोडावी लागते. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधले सहा-सात तास तुम्ही दोघं, दोन मोठ्या बॅगा आणि ऊन. दोन शहरांची खरी तुलना या तासांत आहे. सौंदर्याची तुलना करण्यात अर्थ नाही, दोन्ही आपापल्या जागी थोर आहेत.

आधी धक्का ते हॉटेल

बार्सिलोनाची बहुतेक मोठी जहाजं मोल आदोसात या लांबलचक धक्क्यावर लागतात. तिथून निळी पोर्टबस कोलंबसच्या पुतळ्यापाशी, म्हणजे ला राम्ब्ला या मुख्य पादचारी रस्त्याच्या टोकाला सोडते. तिकीट काही युरोंचं, वेळ दहा-पंधरा मिनिटं. बस सुटली तर चालत जाऊ, असा विचार करू नका. रस्ता पुलावरून जातो आणि सावली नावाला नाही. टॅक्सी काळी-पिवळी असते (मुंबईकरांना उगाच बरं वाटतं). तिच्या मीटरवर बंदराचा वेगळा अधिभार लागतो, तो अधिकृत आहे, त्यावरून ड्रायव्हरशी वाद घालू नका. एकाच सकाळी चार जहाजं रिकामी झाली तर टॅक्सीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो. तरीही साडेआठला उतरलेलं जोडपं दहापर्यंत हॉटेलात बॅगा टाकून मोकळं होतं.

रोमला समुद्र नाही. ‘रोम’ म्हणून जे बंदर छापलेलं असतं ते चिव्हितावेक्किया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. धक्क्यावरून फुकट शटल लार्गो देल्ला पाचे इथे येते, तिथून दुसरी बस रेल्वे स्टेशनला. स्टेशनवरून साध्या प्रादेशिक गाडीचं तिकीट माणशी पाचेक युरो. गाडी व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रो स्टेशनला पाऊण तासाच्या आसपास आणि टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला सव्वा तासात पोचते. आधी सान पिएत्रो, मग त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से आणि शेवटी टर्मिनी असा क्रम आहे. त्यामुळे हॉटेल व्हॅटिकनजवळ असेल तर टर्मिनीपर्यंत जाऊन मेट्रोने उलटं यायची गरज नाही. कागदी तिकीट असेल तर फलाटाकडे जाण्याआधी यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्या. मोबाइलवरचं असेल तर गाडी सुटण्याआधी त्यात चेक-इन करा. दंड इथेच होतो, आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे तपासनीसाने तुमच्या आधी हजार वेळा ऐकलेलं असतं. हे सगळं सुरळीत झालं तरी हॉटेलात पोचायला अकरा-साडेअकरा होतात. बंदरापासून थेट टॅक्सी केली तर शंभर युरोच्या वर जातात.

दोन्हीकडे चालणारी एक युक्ती आहे. आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या नाहीत, स्वतः ओढत पहिल्या तुकडीत उतरायचं. रंगीत टॅग लावून बॅगा दिल्या की आपला नंबर पुकारेपर्यंत थांबायचं आणि मग शेडमध्ये शेकडो काळ्या बॅगांतून आपल्या शोधायच्या. स्वतः उतरलात तर रोमच्या बाबतीत एक तास वाचतो. फक्त जहाजाने पासपोर्ट ठेवून घेतले असतील तर ते आदल्या संध्याकाळीच आठवणीने परत घ्या.

ऊन कुठलं बरं?

‘आम्ही अकोल्याचे, आम्हाला काय ३४ अंशांचं’ असं म्हणणारे असतात. पण अकोल्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुणी दगडी चौकातून पंधरा हजार पावलं चालत नाही. इथे नेमकं तेच होतं.

बार्सिलोनाचं जुलै-ऑगस्टचं सरासरी कमाल तापमान २८-२९ अंश. आकडा मवाळ, पण हवा मुंबईसारखी दमट. घाम वाळत नाही, आणि रात्रीही चिकचिक राहते. रोमचं ३१-३२, उष्णतेची लाट आली की ३६-३८. हवा तुलनेने कोरडी, त्यामुळे सावलीत शिरलं की लगेच फरक जाणवतो. अडचण एवढीच की फोरमचे प्राचीन अवशेष, कोलोसियमचा परिसर, सेंट पीटर्सचा चौक, जे बघायला आलात तिथे सावलीच कमी.

याहून महत्त्वाची गोष्ट घड्याळाची आहे. दोन्ही शहरांचं घड्याळ एक, पण बार्सिलोना रोमच्या कितीतरी पश्चिमेला. जुलैमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो रोममध्ये सव्वाएकच्या सुमारास आणि बार्सिलोनात जवळजवळ दोनला. म्हणजे बार्सिलोनातले सकाळचे अकरा हे सूर्याच्या हिशेबाने आपल्याकडच्या साडेनऊसारखे. तिथे सकाळ लांबते आणि सूर्यही रात्री सव्वानवाच्या पुढेमागे मावळतो. रोममध्ये साडेआठला. आता हे धक्का-ते-हॉटेलच्या हिशेबाशेजारी मांडा. बार्सिलोनात तुम्ही दहाला मोकळे होता आणि हातात तीन बरे तास असतात. रोममध्ये साडेअकराला मोकळे होता आणि ऊन चढलेलं असतं.

बार्सिलोनाचा पहिला दिवस

दहा ते एक जुन्या गॉथिक भागात आणि एल बोर्नमध्ये काढा. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन जमिनीपर्यंत फारसं पोचत नाही. चौदाव्या शतकातलं सान्ता मारिया देल मार हे चर्च आतून गार असतं. बोकेरिया मंडई रविवारी बंद. दीडला जेवण, तीनला खोली, आणि झोप. खरोखर झोप, ‘जरा पाय मोकळे करून येऊ’ नाही.

सग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चचं तिकीट आधी ऑनलाइन आणि वेळ ठरवूनच मिळतं. उतरण्याच्या दिवशी सकाळची वेळ घेऊ नका, जहाज उशिरा लागलं की पैसे बुडाले. संध्याकाळी पाच-सहाची घ्या. काचा अशा लावल्या आहेत की सकाळी पूर्वेकडून निळा-हिरवा उजेड येतो आणि दुपार कलली की पश्चिमेच्या लाल-केशरी काचा पेटतात. त्या वेळी खांबांच्या पायथ्याशी फरशीवर रंगाचे ठिपके हळूहळू सरकताना दिसतात. बांधकाम १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी वास्तुकार गौडीने ते हाती घेतलं आणि १९२६ मध्ये तो गेला.

पार्क ग्वेल पहिल्या दिवशी नको. चढ आहे आणि उघडं आहे. बार्सेलोनेताच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जरूर जा, पण सूर्यास्त समुद्रात दिसेल या आशेने नको. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्य शहरामागे बुडतो.

रोमचा पहिला दिवस

रोममध्ये पहिल्या दिवसाला अर्धा दिवस समजा, म्हणजे चिडचिड होत नाही. दुपारी बारा ते तीन हा वेळ फक्त छपराखाली. बरीच लहान चर्चेस दुपारी साडेबारा ते साडेतीनच्या आसपास बंद असतात, सान्ता मारिया माज्जोरे मात्र दिवसभर उघडं असतं आणि टर्मिनीपासून दहा मिनिटांवर आहे. पोप फ्रान्सिस यांची समाधी २०२५ पासून तिथे असल्याने रांग धरून चाला. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पातळ सुती ओढणी पर्समध्ये असली की काम भागतं, टोपी-कोटाची भानगड नको. कोलोसियमचं तिकीट नावाचं आणि वेळेचं असतं, त्यामुळे ते दुसऱ्या सकाळी.

रोमची खरी कमाई सहानंतर. पियाझ्झा देल पोपोलोच्या वरच्या पिंचो गच्चीवरून सूर्यास्त, मग स्पॅनिश पायऱ्या, त्रेव्ही कारंजं, पँथिऑन हे प्राचीन मंदिर, नावोना चौक. अंतर तीनेक किलोमीटर, उतार जास्त. पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड आहे. पँथिऑनला आत जायला २०२३ पासून तिकीट लागतं, पण रात्री बाहेरून बघायला कुणी अडवत नाही. बाकी वाटही फुकटच, फक्त त्रेव्हीच्या अगदी काठाशी उतरायला २०२६ पासून पर्यटकांना तिकीट लागतं.

पाण्याच्या बाबतीत रोम सरळ जिंकतं. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत, त्यांना नासोनी म्हणतात, म्हणजे मोठी नाकं. संख्या अडीच हजारांच्या घरात, आणि पाणी अखंड वाहतं, गार आणि पिण्याचं. नळाच्या वाकड्या तोंडाला खालून बोट लावून बंद केलं की वरच्या बारीक भोकातून कारंज्यासारखी धार उडते. तोंड लावायला नको, वाकायला नको. बाटली भरायची तर खालची धार. बार्सिलोनातही सार्वजनिक नळ आहेत, पाणी सुरक्षित आहे, पण चव क्लोरीनची.

शाकाहाऱ्यांसाठी

बार्सिलोनात ‘वेजिताल’ लिहिलेलं सँडविच बघून खूश होऊ नका, त्यात बहुधा ट्यूना मासा आणि अंडं असतं. टोमॅटो चोळलेला पाव, पातातास ब्राव्हास म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे, भाजलेल्या वांगी-मिरचीचं एस्कालिवादा हे ठीक. एल रावाल भागात देशी जेवण मिळतं. उन्हात ओर्चाता प्या, ते एका कंदापासून करतात, दूध नसतं. रात्रीचं जेवण नऊच्या आधी नीट मिळणं कठीण.

रोम शाकाहाऱ्याला सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. सुप्ली या तळलेल्या भाताच्या गोळ्यात बहुतेकदा मांसाचा रस्सा असतो, तळलेल्या भोपळ्याच्या फुलात अँकोव्ही मासा. वजनावर मिळणारा पिझ्झा सगळ्यात निर्धोक आणि स्वस्त. नदीकाठच्या टपरीवर ग्रात्ताकेक्का मिळतो. तो म्हणजे आपला बर्फाचा गोळा, फक्त पेल्यात.

दोन्हीकडे पहिल्या दिवशी पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटू शकते. आठवडाभर डोललेल्या मेंदूला सवय मोडायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. उन्हात त्यालाच चक्कर समजून घाबरायला होतं. इथूनच ओआरएसची चार पाकिटं न्या. खिसेकापू दोन्हीकडे तरबेज आहेत. बार्सिलोनात ला राम्ब्लाखालची मेट्रो, रोममध्ये टर्मिनीहून व्हॅटिकनला जाणारी ६४ नंबरची बस.

मग उतरायचं कुठे?

क्रूझनंतर एकच रात्र असेल तर बार्सिलोना, वाद नाही. बरोबर साठीचे आई-वडील असतील तरी बार्सिलोना. तीन रात्री असतील आणि पहिली दुपार झोपून घालवायची मनाची तयारी असेल तर रोम. त्या शहराला घाईत बघणं म्हणजे पंगतीत बसून नुसतं मीठ-लिंबू चाखून उठणं. रोममध्ये चढून बार्सिलोनात उतरणं जमलं तर सर्वांत उत्तम, कारण रोमचे दिवस ताज्या पायांनी होतात. व्हिसाचा अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडे करायचा, म्हणून हा निर्णय बुकिंगआधी घ्या.

हॉटेल घेताना दोन गोष्टी लेखी विचारा. खोलीत एसी आहे का, आणि सकाळी बॅगा ठेवून घेणार का. रोमच्या जुन्या इमारतीत असाल तर तिसरीही, लिफ्ट केवढी आहे. काही लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग एवढंच मावतं, दुसरी बॅग जिन्याने.