ऑटोक्लेव्हच्या व्हॅलिडेशनसाठी बोलावलेली संस्था: हात चोख, कागद ढिला

वाळूजमधला आमचा इंजेक्शनचा कारखाना लहान असल्याने थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आणि त्यांच्या नोंदी टिपणारे डेटा लॉगर स्वतःचे बाळगणे परवडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम (औषधनिर्मितीच्या दर्जाचे सरकारी नियम) अधिसूचित झाल्यावर आम्ही व्हॅलिडेशनची (यंत्र ठरल्याप्रमाणे काम करते याच्या पुराव्याची) सगळी दप्तरे पुन्हा तपासायला काढली आणि यंदा ऑटोक्लेव्हचे (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे) रिक्वालिफिकेशन म्हणजे फेरतपासणी एका नव्या संस्थेकडे सोपवली.

प्रत्यक्ष कामात बोट ठेवायला जागा नाही. रिकाम्या चेंबरमध्ये १६ थर्मोकपल लावून सलग तीन रन (यंत्राच्या पूर्ण फेऱ्या) घेतल्यावर त्यांनी रबर स्टॉपरच्या (बाटल्यांच्या बुचांच्या) पिशव्यांचा लोड भरला. प्रत्येक थर्मोकपलचे टोक स्टॉपरांच्या ढिगात मध्यापर्यंत खुपसून शेजारी बायोलॉजिकल इंडिकेटरची (जंतू मेले की नाही ते दाखवणारी) पट्टी ठेवली. लोड भरून घेतलेल्या दुसऱ्या रनमध्ये खालच्या ट्रेवरची एक पिशवी १२१ अंशांवर इतरांपेक्षा दीड मिनिट उशिरा पोचली. दार उघडल्यावर त्यांच्यातल्या तरुण अभियंत्याने ती उलटून दाखवली: पिशवीची कागदी बाजू ट्रेच्या पत्र्याला चिकटलेली होती, त्यामुळे आतली हवा बाहेर पडायला आणि वाफ आत शिरायला वाटच उरली नव्हती. आधीच्या संस्थेला चार वर्षांत हे दिसले नव्हते (आणि आम्हालाही, हे कबूल केले पाहिजे). डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळे घडलेले) नोंदवून आम्ही लोड पॅटर्न (पिशव्यांची मांडणी) बदलला आणि तिन्ही रन पहिल्यापासून घेतले. त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत.

अहवाल मात्र आठ दिवसांऐवजी तेविसाव्या दिवशी आला. त्यातल्या एका पानावर दुसऱ्याच कुठल्या कारखान्याच्या यंत्राचा क्रमांक होता आणि दोन थर्मोकपलच्या, रननंतरच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकतेच्या तपासणीच्या) नोंदी गायब होत्या. या नोंदींशिवाय त्या तारांनी रनभर बरोबर तापमान दाखवले, असे ऑडिटरला कशाच्या आधारावर सांगणार? चूक दाखवल्यावर दोन दिवसांत दुरुस्त पाने आली, पण त्यांवर तारीख जुनीच. “साहेब, नुसती तारीखच तर आहे,” असे फोनवरून ऐकवण्यात आले. आमच्या क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) ती पाने परत पाठवून, बदलाचे कारण नोंदवलेली नवी रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) त्या दिवसाच्या तारखेने मागून घेतली.

पुढच्या वर्षी त्यांनाच बोलावू, परंतु शेवटचे ३० टक्के बिल अहवालावर क्यूएची सही झाल्यावरच देऊ, अशी अट पर्चेस ऑर्डरमध्ये घातली आहे.