रेनॉल्ड्स 531 सांगून गॅसपाइपची फ्रेम गळ्यात मारली, 39,750 रुपये गेले. जुनी रोड सायकल जोडणाऱ्यांनी वाचा

सरळ सांगतो. रेनॉल्ड्स 531 म्हणजे जुन्या चांगल्या रोड सायकलींच्या फ्रेमची हलकी, मजबूत स्टीलची नळी, आणि गॅसपाइप म्हणजे साधी, जाड, जड नळी. 39,750 रुपये गेलेत आणि बदल्यात रंग मारलेली एक गॅसपाइपची फ्रेम घरात येऊन पडलीय. 5,000 टोकन, मग उरलेले 26,500, पॅकिंग आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलचे 1,850 आणि वर हेडसेट-बीबीचे (हँडलच्या आणि पेडलच्या एक्सलच्या बेअरिंगचे) म्हणून 6,400, जे सामान आजपर्यंत आलेलं नाही. सगळे यूपीआयने आणि प्रत्येक वेळी वेगळ्या क्यूआरवर. क्यूआर बदलला की तिथंच हात आखडायचा, हे आधीच लिहून टाकतो, पुढचं कुणी वाचेल न वाचेल. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. लाज वाटते, पण राग त्याहून जास्त येतो म्हणून लिहायला बसलोय.

आता "एवढं कसं कळलं नाही" म्हणणारे येतीलच. मी नवखा नाही ओ. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) असतो. ही सायकल मी काही वर्षं एकेक पार्ट गोळा करत जमवत होतो. इटलीच्या कॅम्पाग्नोलो कंपनीच्या नुओवो रेकॉर्डचा मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, बॉडीवर "पॅट. 77" असा शिक्का, म्हणजे 1977 च्या आसपासचा. त्याच कंपनीची क्रँक (पेडलचे दांडे) मडगावच्या एका वयस्कर गृहस्थांकडून घेतली, 170 ची, 52-42 दात, आणि मागच्या बाजूला हिऱ्याच्या आकारात 7 चा आकडा. सत्तरच्या दशकात ते लोक वर्षाचा शेवटचा आकडा हिऱ्यात मारायचे, ऐंशीच्या दशकात गोलात. डिरेलर आणि क्रँक एकाच सालातले निघाले तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, ज्यांना हे वेड आहे त्यांनाच ते कळेल. ब्रुक्सची बी 17 सीट, 36 तारांचे हब, 27.2 मिलिमीटरची सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), सगळं पुसून कपड्यात गुंडाळून ठेवलेलं. फक्त फ्रेम नव्हती. आणि सगळे पार्ट सत्तर-ऐंशीचे असताना कुठल्याही आजच्या फ्रेमवर ते चढवायचे म्हणजे त्या सामानाचा अपमानच आहे असं माझं मत आहे, तुमचं वेगळं असेल.

आणि अशा भुकेल्या माणसाचीच ही लोकं वाट बघत असतात. मी "57 साइजची इंग्लिश थ्रेडची 531 फ्रेम कुणाकडे आहे का" असं विचारत फिरत होतो, म्हणजे काय विकलं तर मी घेईन हे मीच सगळ्यांना सांगत होतो. फोन त्या विकणाऱ्याचाच आला. बोलणं एकदम कोल्हापुरी, "दादा दादा" करून. काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी इंग्लंडहून रॅले आणली, नॉटिंगहॅमची, फुल 531, आता काका गेले, काकू घर रिकामं करतेय. फोटो असे की बघत राहावं. लग्ज (नळ्यांचे सांधे) एकदम पातळ फाइल केलेले, मागे कॅम्पाग्नोलोचे फोर्ज्ड ड्रॉपआउट (मागचं चाक जिथं बसतं त्या खाचा), त्यावर नाव कोरलेलं, सीट ट्यूबवर हिरवा-सोनेरी स्टिकर. हे फोटो परदेशातल्या एका जुन्या लिलावातले होते, नंतर गूगल लेन्सवर टाकले तर पहिल्याच झटक्यात सापडले. ते आधी टाकायला काय झालं होतं म्हणाल, तर बेळगावातल्या मराठी माणसाला कोल्हापूर परकं वाटत नाही. आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडे, दवाखाना तिकडे, अंबाबाई तिकडे. आपल्या भाषेत, आपल्या माणसासारखा बोलणारा माणूस लिलावातले फोटो पाठवेल असं डोक्यातच येत नाही, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

आता जिथं कळायला हवं होतं ती जागा. मी त्याला विचारलं, सीटपोस्ट कितीची बसते? तो म्हणाला, "स्टँडर्ड आहे दादा."

स्टँडर्ड! ज्याच्या घरात खरी 531 ची फ्रेम आहे तो हे उत्तर देऊच शकत नाही. डबल बटेड, म्हणजे टोकांना जाड आणि मधे पातळ, अशा 531 ला 27.2 ची पोस्ट जाते, बाहेरून नळी तेवढीच पण आतून पातळ असते म्हणून. साध्या जाड नळीच्या फ्रेमला 25.4, 26 अशी बारकी जाते. म्हणजे हा एक आकडा म्हणजे फ्रेमचं रक्त तपासणं आहे. स्टिकर कुणीही चिकटवेल, नवीन छापलेले 531 चे स्टिकर ऑनलाइन किरकोळ पैशात मिळतात, रंगही कुणीही मारेल, पण नळीची आतली भिंत कुणी पातळ करू शकत नाही. मी रोज बोअर मोजणारा माणूस आणि त्याला "व्हर्नियर लावून फोटो टाक" एवढं चार शब्दांचं वाक्य बोललो नाही. का नाही बोललो, तर त्याच्या मागोमाग लगेच त्यानं "दादा, पुण्याचे एक सर संध्याकाळी न्यायला येतायत, तुमचं नक्की असेल तर सांगा" असं टाकलं. ही घाई लावायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होती, पण समोर हवी ती फ्रेम असताना माहीत असणं कामाला येत नाही.

तरी मी तपास केला नाही असं कुणी म्हणू नये. आजच्या पेपरसोबत फोटो मागितला, तो आला, तारीख स्पष्ट. पण पेपर कसा ठेवला होता बघा. मधोमध, डाउन ट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर), आणि एक कोपरा बरोबर मागच्या ड्रॉपआउटवर. आधीच्या फोटोत डाउन ट्यूबवर गिअर लिव्हर बसवायचे बॉस (खुंट्या) ब्रेझ करून जोडलेले होते, या फोटोत ती जागाच पेपरखाली. मी तारीख बघत बसलो, फ्रेम बघितलीच नाही. पेपरचा फोटो मागायचा असेल तर पेपर बाजूला ठेवून मागा, आणि ड्रॉपआउट, बीबीच्या खालचा नंबर आणि सीट लग यांचे वेगळे जवळून फोटो दिवसाच्या उजेडात मागा. नाही म्हणाला की विषय संपला.

पैसे गेल्यावर पार्सल काही निघेना. आधी पाऊस, मग काकूची तब्येत, मग ट्रॅव्हल्सवाल्यानं चुकून सीमेवरच्या कोगनोळीलाच उतरवलं. तेव्हा वाटलं माणूस अडचणीत आहे. आता कळतं की हा उशीर मुद्दाम असतो, पैसे खात्यातून पुढे सरकेपर्यंत तुम्हाला गप्प ठेवायचं. आणि याच मधल्या काळात त्यानं 6,400 काढले, "काकांच्या डब्यात कॅम्पीचा हेडसेट आणि बीबी पण सापडला, दुसऱ्याला देऊ का?" म्हणून. माझ्या क्रँकला त्याच जातीचा एक्सल हवा होता. दिले.

बॉक्स उचलला तेव्हाच हाताला कळलं. 57 ची 531 फ्रेम पुढच्या चिमट्यासकट तीन किलोच्या आत-बाहेर असते, ही काट्यावर 4 किलो 300 ग्रॅम भरली. शहापुरात आमचे एक जुने सायकल मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. मामांनी नुसतं बोटानं वाजवून बघितलं आणि म्हणाले, "अवो, ही गॅसपाइप हाय की. मागं पत्र्याचे ड्रॉपआउट, त्यावर हँगर वेल्डिंग मारलाय, दिसत नाही व्हय?" माझी 27.2 ची पोस्ट तोंडालाच अडली. 25.4 ची घातली, बरोबर बसली. मागच्या चाकाच्या जागेची रुंदी 126 मिलिमीटर सांगितली होती, मोजली तर 114, म्हणजे एका गिअरची साधी गाडी. स्टिकर नखानं उचलला. खाली लाल ऑक्साइड.

इथून पुढचा राग त्या चोरावरचा नाही, कारण चोरानं चोरी केली.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन लावला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, आणि "खूप उशिरा आलात, पैसे पुढे गेले" हे ऐकून घेतलं. बरोबर आहे, तासाभरात फोन केला तर खातं गोठवता येतं, म्हणून पैसे गेल्याचा संशय जरी आला तरी पार्सलची वाट न बघता आधी 1930 लावा. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. ठीक. पण पोलीस ठाणं! तिथं पहिला प्रश्न, "चाळीस हजार, सायकलच्या फ्रेमला? चाकं पण नाहीत?" दुसरा प्रश्न, "सामान मिळालं ना तुम्हाला? मग ही सिव्हिल मॅटर." अहो, सोनं सांगून पितळ दिलं तर ती पण सिव्हिल मॅटर का? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, पूर्वीचं 420. ते मी छापून घेऊन गेलो तर कागद बाजूला सरकवला. अर्ज मराठीत होता म्हणून परत दिला, कन्नडात आणा म्हणाले. घटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. मी वाद घातला नाही, कोर्टाबाहेर टाइप करणाऱ्याला 250 रुपये देऊन कन्नडात करून आणला, कारण मला भाषेचं भांडण नको होतं, माझे पैसे हवे होते. कन्नड अर्ज घेऊन गेलो तर साहेब नाहीत. "नाळे बर्री." दुसऱ्या दिवशी पण "नाळे बर्री". कामाची सुट्टी टाकून बाकावर बसायचं आणि उद्या या ऐकून परत यायचं.

शेवटी साहेब भेटले ते म्हणाले, समोरचा कोल्हापूरचा, पार्सल तिकडून आलं, तिकडे जा. कोल्हापुरात गेलो. तिथले म्हणाले, पैसे कुठल्या खात्यातून गेले? बेळगावच्या. मग गुन्हा बेळगावात. आणि क्यूआरची खाती निघाली तिसऱ्याच राज्यातली, ते तर दोघांनाही नको. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण एक 39,750 ची तक्रार घ्यायला सुद्धा आम्ही कुणाचेच नाही का? त्या माणसानं सीमेपलीकडचं गिऱ्हाईक मुद्दाम धरलं असणार, आता मला खात्री आहे.

हे तुमच्याबाबतीत झालं तर तोंडी वाद घालत बसू नका. हद्द कुठलीही असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली झिरो एफआयआर नोंदवता येतो, "आमच्या हद्दीत नाही" हे कारण चालत नाही. नाही घेतला तर तोच अर्ज एसपींना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मला हे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, ठाण्यात कुणीही सांगितलं नाही. माझा अर्ज पोस्टानं गेलाय, पोर्टलवर अजून "अंडर प्रोसेस" दिसतंय.

चॅट डिलीट करू नका, तो डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. बॉक्स उघडताना अखंड व्हिडिओ काढा, बॉक्सवरच्या चिठ्ठीपासून. कोल्हापूर तीन तासांवर आहे, 26,500 द्यायच्या आधी बसचं तिकीट काढून समक्ष जा, सीटपोस्ट सोबत घेऊन जा.

तो माणूस अजून विकतोय. परवाच एका ओळखीच्याला हेच फोटो, हेच मर्चंट नेव्हीचे काका, फक्त आता फ्रेम 55 ची झालीय आणि भाव 29,000. निपाणी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, कुठंही कुणाला असा फोन आला असेल आणि पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, आपापल्या ठाण्यात लेखी द्या आणि तक्रार नंबर मला कळवा. यूपीआयची खाती जुळली तर वकील म्हणतात सगळ्या तक्रारी एकत्र मांडता येतील, आणि मग एका सायकलच्या फ्रेमचं प्रकरण म्हणून कुणाला हाकलता येणार नाही.