दात पांढरे करायचेत: स्केलिंग, ब्लीचिंग की व्हिनिअर?

लग्न ठरलं की मुलगा-मुलगी दोघंही आरशासमोर दात बघायला लागतात आणि मग दवाखान्यात पहिलाच प्रश्न येतो, "पांढरे करायला किती लागतील?" खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की दात पिवळे कशाने पडलेत. त्याचं उत्तर मिळालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

चहा, तंबाखू, गुटख्याचे डाग दाताच्या वरच्या बाजूला बसतात. वय वाढतं तसं वरचं कवच झिजतं आणि आतला पिवळसर थर दिसायला लागतो. आपल्याकडे तिसराही प्रकार आहे, बोअरच्या पाण्याचा. नांदेड, बीडकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी दात तयार होत असतानाच ते आत शिरतं. मग दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, जास्त झालं तर तपकिरी डाग आणि खड्डे. हे घासून जात नाहीत, उगाच ब्रश झिजवू नका.

वरचे डाग असतील तर स्केलिंग, म्हणजे साध्या भाषेत दात साफ करून घेणं. सगळ्यात स्वस्त आणि बहुतेकांना एवढंच पुरतं. "मशीन लावलं की दात हलतात" ही भीती गावोगाव ऐकू येते. होतं असं की वर्षानुवर्षं साचलेलं किटण दातांच्या फटी बुजवून बसलेलं असतं. ते निघालं की जीभ फटीत जाते, गार पाणी काही दिवस लागतं, आणि माणसाला वाटतं मशीननेच दात सैल केले. सैल झालेले असतात ते किटणामुळे सुजलेल्या हिरड्यांनी. मात्र स्केलिंगने दात मूळ रंगावर येतात, त्याहून पांढरे होत नाहीत.

त्याहून उजळ हवेत तर ब्लीचिंग. त्याचे दोन मार्ग आहेत आणि खरी निवड इथेच आहे. दवाखान्यातल्या खुर्चीवर हिरड्या झाकून कडक जेल लावतात, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड 40 टक्क्यांपर्यंत असतं. तास-दीड तासात फरक दिसतो. पण त्या दिवशीची थोडी चमक दात कोरडे पडल्याची असते, ती चार दिवसांत उतरते. वरून मारलेल्या निळ्या दिव्याचा उपयोग फार नाही, बिल मात्र वाढतं. दुसरा मार्ग घरचा. डॉक्टर दातांचं माप घेऊन ट्रे करून देतात. त्यात साधारण 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल भरून रात्री लावायचं, दोनेक आठवडे. शेवटचा रंग दोन्हींत जवळपास सारखाच येतो. लग्न आठवड्यावर आलं असेल तर खुर्ची, नाहीतर मी ट्रेच सांगेन: खर्च कमी, झिणझिण्या आल्या तर एक रात्र सोडता येते, आणि ट्रे जपून ठेवला तर पुढच्या वेळी फक्त जेल आणायचं.

दोन्हींत पथ्य एकच. दोन दिवस चहा, हळद, रंगीत रस्सा बंद. लग्नघरात येसर आमटीच्या पंगती उठत असताना हे जमणार नाही, म्हणून दहा-पंधरा दिवस आधीच उरकून घ्या. कॅप आणि दातात भरलेल्या सिमेंटचा रंग ब्लीचने बदलत नाही. समोर कॅप असेल तर ती एकटीच पिवळी उठून दिसेल. गरोदर बाईने आणि अठराच्या आतल्या मुलांनी हे करू नये. कीड असेल तर आधी ती भरून घ्या.

बोअरच्या पाण्याच्या डागांवर नुसतं ब्लीच केलं तर पांढरे पट्टे सुरुवातीला जास्तच उठून दिसतात. तिथे दवाखान्यात वरचा पातळ थर घासून काढणं आणि मग ब्लीच, किंवा पट्ट्यात रेझिन (प्लास्टिकसारखा पातळ द्रव) मुरवणं, हे बरं पडतं.

खड्डे आणि गडद तपकिरी डाग असतील तर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला भरणं, नाहीतर व्हिनिअर, म्हणजे दाताच्या समोरच्या बाजूला चिकटवलेला पातळ पापुद्रा. व्हिनिअर दिसतं झकास, पण त्यासाठी बहुतेक वेळा दात थोडा कापावा लागतो आणि कापलेला दात परत येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी ते बदलायचा खर्च वेगळा. पंचविशीच्या पोराने नुसत्या पिवळेपणासाठी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत.

लिंबू-सोडा, कोळशाची पावडर याने कवच झिजतं आणि दात उलट पिवळे दिसायला लागतात. मिश्री तर तंबाखूच आहे.

पैशाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र काढून जा. गुटखा खाणाऱ्याचं तोंड कमी उघडत असेल किंवा गालात न पुसला जाणारा पांढरा चट्टा असेल, तर रंगाचं राहू द्या, आधी तो दाखवा.

आणि घरात लहान लेकरं असतील तर बोअरचं पाणी तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्याचं पाणी बदला, किंवा आरओ बसवा. उकळून ते कमी होत नाही.